गिफ्ट कार्ड मशीनवर का चालत नाही, आणि त्यातले पैसे मधल्यामध्ये जातात कुठे?

दिवाळी उलटली की आमच्या ऑफिसात एकच तक्रार फिरत असते : "तुम्ही दिलेलं कार्ड चालत नाही." मिठाईच्या डब्याऐवजी कंपनीने प्रीपेड गिफ्ट कार्डं द्यायला सुरुवात केली तेव्हापासून ती वाटायचं काम ॲडमिनकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. त्यामुळे नंतरची रडगाणीही माझ्याच टेबलावर येतात. एवढी कार्डं हाताखालून गेल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. कार्डच खराब निघालंय असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा कार्डाच्या पाकिटावर छापलेला आकडा आणि आतली खरी शिल्लक यांत फरक पडलेला असतो. तो फरक मशीनला कळतो, आपल्याला कळत नाही.

म्हणून पहिली सवय ही : दुकानात जाण्याआधी नुसती शिल्लक बघू नका, व्यवहारांची यादी बघा. शिल्लक फक्त किती उरले ते सांगते. पैसे कशापायी गेले ते यादीत दिसतं.

आधी कार्ड कोणत्या जातीचं ते बघा

कार्डावर रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लोगो असेल, तर ते बँकेने किंवा आरबीआयचा परवाना असलेल्या कंपनीने काढलेलं प्रीपेड कार्ड आहे. ते बहुतेक दुकानांत चालतं आणि त्याला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. लोगो नसेल आणि फक्त एका ब्रँडचं किंवा एका दुकानसाखळीचं नाव असेल, तर ते त्या दुकानापुरतंच आहे. असल्या कार्डांना आरबीआयची परवानगी लागत नाही आणि त्यांची तक्रारही आरबीआयकडे चालत नाही. हा फरक आत्ता किरकोळ वाटेल, पण तक्रार करायची वेळ आली की सगळं यावरच अडतं. एका दुकानाच्या व्हाउचरची तक्रार आरबीआयच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पाठवून महिनाभर उत्तराची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

पुढचं बरंचसं लोगोवाल्या कार्डांबद्दल आहे.

चिठ्ठी फेकू नका

कार्ड नाकारलं गेलं की कॅशिअर "सर, डिक्लाइन होतंय" म्हणून कार्ड परत देतो आणि आपण ओशाळून यूपीआय काढतो. तसं न करता मशीनमधून निघालेली चिठ्ठी मागून घ्या, किंवा स्क्रीनवर काय आलंय ते विचारा. बऱ्याच मशीनवर दोन आकडी कोड येतो आणि जगभरच्या कार्डव्यवहारांत त्याचे अर्थ ठरलेले आहेत. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ५५ म्हणजे पिन चुकला, आणि ७५ म्हणजे इतक्या वेळा चुकला की आता कार्ड अडवलंय. ५७ आलं तर या कार्डाला या प्रकारच्या व्यवहाराची परवानगीच नाही. ९१ म्हणजे कार्ड काढणाऱ्याचा सर्व्हर उत्तर देत नाहीये. त्यात तुमचा काही दोष नाही, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. सगळ्यात वैतागवाणा कोड ०५. "नाही म्हणजे नाही", कारण सांगणार नाही. त्याला हेल्पलाइनवर फोन करण्यावाचून इलाज नाही.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ५१ सगळ्यांत जास्त, आणि तो आला की माणूस हमखास भडकतो, कारण त्याच्या मते कार्डात पैसे असतात.

५१ : पैसे आहेत, तरी अपुरे कसे?

आमच्या स्टोअरमधल्या एका काकांचं उदाहरण घ्या. कार्ड २००० रुपयांचं. ते घरात हरवलं, म्हणून हेल्पलाइनवर फोन करून त्यांनी दुसरं मागवलं. नवीन कार्ड आलं, पाकिटावर काहीच लिहिलेलं नाही. काका कार्डात २००० आहेत असं धरून मॉलमध्ये गेले आणि काकूंनी हिशेबाने अगदी १९६० रुपयांची खरेदी केली. कार्ड नाकारलं. यादी काढून बघितली तर दोन ओळी होत्या : बदली कार्डाचे १०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १८ रुपये. आत उरले १८८२. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करतायत आणि काकू ट्रॉलीतून तेलाची पिशवी बाहेर काढतायत.

खरं म्हणजे काहीच बाहेर काढायची गरज नव्हती. कॅशिअरला "या कार्डावर १८८२ घ्या, उरलेले यूपीआयने देतो" एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. गिफ्ट कार्ड अर्धवट रक्कम आपणहून देत नाही. मशीनवर टाकलेला आकडा शिलकीपेक्षा एका रुपयाने जरी जास्त असला तरी ते अख्खा व्यवहार नाकारतं. बिल दोन भागांत घेण्याची सोय बहुतेक बिलिंग काउंटरवर असते, फक्त कार्ड स्वाइप करण्याआधी सांगायचं. आणि पैशांसकट सांगायचं. १८८२.४० असतील तर १८८२.४०.

ऑनलाइन खरेदीत हीच अडचण वेगळ्या वेषात येते. बऱ्याच साइटवर एका ऑर्डरला एकच कार्ड लागतं, बिल दोन कार्डांत फोडता येत नाही. त्यात सिनेमाचं तिकीट ५०० चं दिसतं, शेवटच्या पानावर 'कन्व्हिनिअन्स फी' आणि तिच्यावरचा जीएसटी चढतो आणि तुमचं ५०० चं कार्ड आपटतं. किंमत अशी थेंबाथेंबाने वाढवत नेण्याला केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत नाव देऊन मनाई केलेली आहे. मनाई आहे म्हणून थांबलंय असं नाही.

यावर चालणारी युक्ती अशी : ज्या साइटवर तुम्ही एरवी खरेदी करता तिचंच ई-गिफ्ट कार्ड, तुमच्या कार्डातल्या नेमक्या शिलकीएवढ्या रकमेचं विकत घ्या आणि ते आपल्या खात्यात जमा करून टाका. उरलेसुरले ३७ रुपयेसुद्धा असे मार्गी लागतात. काही कार्डं अशा खरेदीला अडवतात (तेव्हा तो ५७ दिसतो), पण करून बघायला काही लागत नाही. आधी त्या साइटच्या कार्डाची कमीत कमी रक्कम आणि मुदत मात्र वाचा.

पैसे कुठे कुठे कापले जातात

विकत घेताना लागणारं शुल्क देणाऱ्याच्या खिशातून जातं, त्याचा तुम्हाला त्रास नाही. नंतरची कापाकापी तुमच्या शिलकीतून होते : बदली कार्ड, पिन पुन्हा मागवणं, एटीएमवर शिल्लक बघणं, मुदत वाढवणं. (एटीएमवर शिल्लक बघायचेही काही कार्डं पैसे लावतात. स्वतःचेच पैसे मोजायला पैसे.) यांतलं कोणतं शुल्क आहे आणि किती, हे प्रत्येक कार्डाचं निराळं. पेट्रोल पंपावर आणि रेल्वेच्या तिकिटावर अधिभार लागतो तो वेगळाच. म्हणून गिफ्ट कार्ड पेट्रोलला वापरू नका असं मी सगळ्यांना सांगतो. पाचशेचं पेट्रोल आणि कार्डातून गेले पाचशे दहा-बारा, असं काहीतरी होऊन उरलेल्या शिलकीचा आकडा विचित्र होऊन बसतो.

या शुल्कांना 'छुपी' म्हणायचं का, यावर माझं कार्ड विकणाऱ्या एजंटशी नेहमी वाजतं. त्याचं म्हणणं, सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं. असतं खरं. पण ते पत्रक पाकिटात घडी घालून कोंबलेलं, अक्षर मुंगीएवढं, आणि इंग्रजीत. आरबीआयचे निर्देश मात्र स्पष्ट आहेत : शुल्क आणि मुदत यांसह सगळ्या महत्त्वाच्या अटी सोप्या, स्वच्छ भाषेत ग्राहकाला आधी कळवायच्या. तेव्हा कापलेलं शुल्क त्या पत्रकात सापडत नसेल तर ते परत मागायला लाजू नका. लेखी मागितल्यावर पैसे परत आल्याची उदाहरणं आहेत.

ओटीपी दुसऱ्याच्याच फोनवर

पेंट शॉपमधला एक मुलगा चार दिवस ऑनलाइन बूट घ्यायला धडपडत होता. ओटीपी यायचाच नाही. यायचा, पण माझ्या फोनवर, कारण कार्डं घाऊक घेताना कंपनीने एकच मोबाईल नंबर दिला होता. घरगुती भेटींतही हेच होतं. मामाने भाच्याला कार्ड दिलं तर नंबर मामाचा. पुष्कळ कार्डं नोंदवलेल्या नंबरावर ओटीपी गेल्याशिवाय ऑनलाइन व्यवहार होऊ देत नाहीत.

उपाय दोन. कार्डाच्या ॲपवर किंवा साइटवर आपला नंबर नोंदवायची सोय असेल तर तो बदलून घ्या. नसेल तर कार्ड दुकानातल्या मशीनवरच, पिन टाकून वापरा. मामाला भर दुपारी फोन करून "आत्ता आलेला आकडा सांगा" असं म्हणायची सवय मात्र लावू नका. उद्या भाच्याच्या नावाने दुसराच कोणी फोन करेल.

ओटीटी किंवा दर महिन्याच्या हप्त्यांना गिफ्ट कार्ड लावायच्या फंदात पडू नका. चालत नाही, आणि एखाद्या वेळी चाललं तर पुढच्या महिन्यात अडतं.

मुदत संपली म्हणजे पैसे बुडाले नाहीत

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथे सोडून देतात. कपाटात साड्यांच्या घडीत कार्ड सापडतं, मुदत सहा महिन्यांपूर्वी संपलेली, की ते कापून टाकलं जातं.

आरबीआयने २७ ऑगस्ट २०२१ ला प्रीपेड साधनांविषयी जे निर्देश काढले, त्यांत गिफ्ट कार्डांची चौकट दिली आहे. रक्कम जास्तीत जास्त १०,००० रुपये. पुन्हा भरता येत नाही. रोख काढता येत नाही, दुसऱ्याच्या खात्यावर पाठवताही येत नाही. पण मुदत किमान एक वर्षाची हवी, आणि ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कार्डधारकाला एसएमएस किंवा ईमेलने सावध करायला हवं. (आता तो एसएमएस कोणाच्या नंबरावर गेला असेल ते वरच्या परिच्छेदावरून ओळखा.) कार्डधारकाने मागणी केली तर गिफ्ट कार्डाची मुदत वाढवून द्यायची, लागलं तर नवीन कार्ड काढून, असंही त्यात आहे. वर्षभर व्यवहार झाला नाही म्हणून कार्ड निष्क्रिय केलं असेल, तर पडताळणीनंतर ते पुन्हा सुरू करता येतं.

आणि मुदत संपल्यावरही, बँकेतर कंपनीला उरलेली रक्कम निदान तीन वर्षं आपल्या नफ्यात वळवता येत नाही. मुदत संपल्यानंतर धारकाने कधीही परतावा मागितला तर तो त्याच्या बँक खात्यात द्यावा लागतो. हेल्पलाइनवरचा माणूस "सिस्टीममध्ये कार्ड एक्स्पायर्ड दिसतंय" एवढ्यावर फोन आटपायला बघेल. त्याला "रिव्हॅलिडेशनची रिक्वेस्ट नोंदवा आणि नंबर द्या" असं म्हणा. नेमका हाच शब्द वापरा, त्यांच्या यादीत तो पर्याय असतो.

मुदतवाढीचं शुल्क लागू शकतं. शिल्लक ९० रुपये आणि शुल्क १०० अधिक जीएसटी असेल, तर अर्थात सोडून द्या.

पैसे कापले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत

हे कार्डाचं दुखणं नाही, पैसे पोचवणाऱ्या नेटवर्कचं आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या आरबीआय परिपत्रकानुसार मशीनवर किंवा ऑनलाइन कार्डाने पैसे कापले गेले आणि दुकानदाराला खात्रीचा संदेश पोचला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. सहसा दोन-तीन दिवसांत पैसे येतात. तोवर तेच कार्ड पुन्हा पुन्हा स्वाइप करू नका, नाहीतर दोनदा कापून अडकून बसतील.

हॉटेलातल्या मुक्कामालाही गिफ्ट कार्ड नको. तिथे चेक-इन करताना अंदाजे रक्कम आधी रोखून ठेवतात. ती खर्च झालेली नसते, पण वापरताही येत नाही, आणि सुटायला काही दिवस जातात.

रिकामं झालेलं कार्डही जपून ठेवा. शर्ट लहान झाला म्हणून परत केलात तर पैसे ज्या कार्डातून गेले त्याच कार्डात येतात. ते कचऱ्यात गेलं असेल तर पुन्हा बदली कार्ड, पुन्हा शुल्क. बदलून देण्याची मुदत टळेपर्यंत ते पाकिटात राहू द्या.

शिल्लक बघताना फसू नका

गूगलवर 'गिफ्ट कार्ड बॅलन्स चेक' शोधून वर आलेल्या पहिल्या साइटवर कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही टाकणं म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याची किल्ली देणं. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट याच कामासाठी बांधलेल्या असतात. पत्ता कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच हाताने टाइप करा. दुकानातून घेतलेल्या कार्डावर पिनची पट्टी आधीच खरवडलेली किंवा चिकटवल्यासारखी दिसली तर ते घेऊच नका.

न केलेला व्यवहार यादीत दिसला तर आधी कार्ड ब्लॉक करा आणि त्याच दिवशी कार्ड काढणाऱ्याला लेखी कळवा. तुमची काही चूक नसेल आणि तीन दिवसांच्या आत कळवलं असेल, तर तोटा तुमच्यावर येत नाही. त्यानंतर जसजसा उशीर, तसा तुमचा वाटा वाढतो. सायबर गुन्ह्याचा हेल्पलाइन नंबर १९३०.

न्यू जर्सीहून आलेलं कार्ड

ही तक्रार सोसायटीत जास्त ऐकू येते. अमेरिकेतल्या बहिणीने ५० डॉलरचं व्हिसा गिफ्ट कार्ड आणलं, आणि पुण्यात ते कुठेच चालत नाही. कार्ड उलटं करून वाचा. तिथल्या बहुतेक गिफ्ट कार्डांवर, फक्त अमेरिकेत वापरता येईल, असं छापलेलं असतं. इथे कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. ते तिच्याच हाती परत द्या, तिने तिकडे किराणा घ्यावा आणि तुम्हाला तेवढ्याचं दुसरं काही आणावं.

तिकडे राहणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. तिथे कार्ड विकत घेतानाच साधारण चार ते आठ डॉलर जास्त घेतात, ५० च्या कार्डावरही. म्हणजे लहान रकमेचं कार्ड सगळ्यात महाग पडतं. २००९ चा तिथला कार्ड कायदा, ज्याचे गिफ्ट कार्डांचे नियम २२ ऑगस्ट २०१० पासून लागू झाले, सांगतो की पैशांची मुदत पाच वर्षांच्या आत संपवता येत नाही आणि बारा महिने कार्ड वापरलं नसेल तरच न वापरल्याचं शुल्क लावता येतं, तेही महिन्यातून एकदाच. म्हणून वर्षाच्या आत एखादी छोटी खरेदी करून ठेवा. ऑनलाइन नाकारलं जात असेल तर कार्डाच्या साइटवर आपला झिप कोड नोंदवलाय का ते बघा, पुष्कळदा कारण तेवढंच असतं. गॅस स्टेशनवर पंपाशी कार्ड लावलं तर मशीन शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त रोखायला बघतं आणि ५० चं कार्ड पडतं. आत जाऊन कॅशिअरला "वीस डॉलरचं, पंप नंबर चार" असं सांगून आधी पैसे द्या. रेस्टॉरंटमध्ये टिपेची जागा धरून बिलावर सुमारे वीस टक्के चढवून तपासतात, तेव्हा ५० च्या कार्डावर ४५ चं जेवण अडकू शकतं.

तक्रार करायची तर अशी

आधी कार्ड काढणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला ईमेल. फोनवर बोललात तरी तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोगोवाल्या कार्डांसाठी आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, माहितीसाठी फोन १४४४८. शुल्क काही नाही आणि वकीलही लागत नाही. एका दुकानाच्या कार्डासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं.

ईमेलमध्ये रागाचे परिच्छेद नकोत. कार्डाचे शेवटचे चार आकडे, व्यवहाराची तारीख आणि वेळ, किती कापले, किती कापायला हवे होते, आणि तुम्हाला नेमकं काय हवं : पैसे परत, मुदतवाढ, की नवीन कार्ड. सोबत ती डिक्लाइनची चिठ्ठी आणि व्यवहारांच्या यादीचा स्क्रीनशॉट. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही किंवा पिन कुठेही लिहू नका, त्यांनी मागितला तरी. आणि कार्ड ऑफिसातून मिळालं असेल तर ज्याने वाटलं त्याच्याकडून खरेदीचं बिल मागून घ्या. कार्ड मुळात कोणाच्या नावावर निघालंय हे त्यावर असतं, आणि पहिला प्रश्न तोच विचारतात.